फोन ५जी, सिम ४जी आणि नेट मात्र रखडतंय

दिवाळीत घरोघरी नवे फोन आले आणि त्यांच्या पाठोपाठ ही पत्रं. बहुतेकांची तक्रार एकच : खोक्यावर ५जी छापलंय, मग वेग कुठे गेला? वाईच्या काकांच्या पत्रात त्यातलं जवळजवळ सगळं आलंय, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देते.

प्रश्न : ताई, दिवाळीला मुलाने ५जी फोन घेऊन दिला. सिम जुनंच, २०१७ सालचं. वेग मोजणाऱ्या ॲपवर आकडा २२च्या पुढे सरकत नाही. मुलाचा अगदी हाच फोन, कंपनीही हीच, पण पुण्यात कोथरूडला ३०० दाखवतो. इथला दुकानदार म्हणतो, "सिम ४जी आहे तुमचं. दोनशे रुपये द्या, ५जी सिम देतो." आमचं घर जुना वाडा आहे, मी खालच्या मजल्यावर मधल्या खोलीत बसतो. सिम बदलू का? – एक वाचक, वाई

उत्तर : काका, दोनशे रुपये खिशातच राहू द्या. ऑक्टोबर २०२२मध्ये आपल्याकडे ५जी सुरू झालं, तेव्हाच जिओ आणि एअरटेल या दोन्ही कंपन्यांनी सांगितलं होतं की ४जी सिमवरच ५जी चालेल. सिममध्ये तुमची ओळख असते, म्हणजे तुम्ही कोणत्या कंपनीचे ग्राहक आणि ते पटवून देणारी गुप्त किल्ली. वेग त्यात नसतो. रेशनकार्ड नवं करून आणलं म्हणून दुकानातला गहू वाढत नाही, तसंच हे. सिम ३जीच्या काळातलं असेल किंवा बीएसएनएलचं ४जीच्या आधीचं असेल तर ते बदलावं लागतं, पण तेही कंपनीच्या स्वतःच्या दालनात जाऊन. तुमचं २०१७चं आहे. त्याला हात लावू नका.

आता फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, तिथे तुमच्या सिमच्या नावाखाली 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप' अशी ओळ असेल. ती ४जीवर अडकलेली असेल तर ५जी ऑटोवर न्या. फोनमध्ये दोन सिम असतील तर डेटा कोणत्या सिमवर ठेवलाय तेही बघा, कारण काही फोनांत डेटाच्या सिमलाच ५जी मिळतं. दुसरं सिम टाकताना हा डेटा गुपचूप तिकडे गेलेला असतो आणि घरात कुणाच्या ते लक्षात येत नाही. फोनचं सॉफ्टवेअरही अद्ययावत करा. २०२२मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा आयफोनवाल्यांच्या हातात ५जी फोन होते, तरी डिसेंबरात नवं सॉफ्टवेअर येईपर्यंत त्यांना ४जीवरच राहावं लागलं होतं. मग रिचार्ज पाहा. जुलै २०२४पासून या दोन मोठ्या कंपन्यांचं अमर्याद ५जी साधारणपणे दिवसाला २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच मिळतं. तुमचा पॅक दीड जीबीचा असेल तर दुपारीच डेटा संपून नेट मुंगीच्या पावलांनी चालायला लागेल, आणि दोष बिचाऱ्या फोनला मिळेल.

हे सगळं ठीक निघालं तर मग तुमचा वाडा आणि तुमची वाई. माझा जन्म दूरसंचार खात्यात गेला, टॉवर कुठे उभा करायचा यावर वाद घालण्यात वर्षं गेली, म्हणून हे जरा खोलात सांगते. ५जी म्हणजे एकच लहर नव्हे. शहरात जे तीनशे-चारशेचे आकडे दिसतात ते बहुतेक ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे. तिथे जिओ आणि एअरटेल दोघांकडे निदान १०० मेगाहर्ट्झची रुंदी आहे. रस्ता जितका रुंद तितकी वाहतूक जास्त, तसंच हे. ४जीचा एक पट्टा फार तर २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, त्यावरून अंदाज घ्या. पण ही लहर फार लांब जात नाही आणि दगडी भिंतीत शिरताना तिचा जीव जातो. कोथरूडला टॉवर जवळजवळ आहेत, मुलगा वरच्या मजल्यावर खिडकीपाशी असेल तर त्याला ती सरळ मिळते.

लांब जाणारी आणि भिंतीआड शिरणारी लहर म्हणजे ७०० मेगाहर्ट्झची. २०२२च्या लिलावात ती एकट्या जिओने घेतली. तिची रुंदी मात्र १० मेगाहर्ट्झच. म्हणून गावात असं होतं की दांड्या सगळ्या भरलेल्या, वर ५जी लिहिलेलं, आणि वेग ४जीइतकाच. दांड्या फक्त लहर किती जोरात पोचते ते सांगतात. त्या लहरीवर अजून किती जण बसलेत, हे त्या सांगत नाहीत. शिवाय ५जीच्या अक्षरांवरही पूर्ण विश्वास नको. जिथे ५जी ४जीच्या आधाराने चालतं, तिथे आसपास ५जीची सोय आहे एवढ्यावरच कित्येक फोन ती अक्षरं दाखवतात. प्रत्यक्ष डेटा त्या क्षणी ४जीवरून येत असू शकतो.

एक करून बघा. सकाळी लवकर, गाव नेटवर यायच्या आधी, मधल्या खोलीत वेग मोजा. मग अंगणात जाऊन मोजा, मग माडीवर. रात्री नऊला तेच पुन्हा. अंगणात आकडा एकदम वाढला तर दोष भिंतीचा. अंगणातही सकाळी जास्त आणि रात्री कमी असेल तर टॉवरवर गर्दी आहे. सगळीकडे, सगळ्या वेळी सारखाच कमी असेल तर मात्र कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर नेटवर्कचा नकाशा द्यावा लागतो. त्यात तुमच्या आळीवर ५जीचा रंग आहे का, हे मुलाला बघायला सांगा. रंग असून लहर नसेल तर तक्रारीत तसं लिहा.

आणि तो २२चा आकडा. तो मेगाबिटचा आहे, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला पावणेतीन एमबीच्या आसपास. शंभर एमबीची फाइल अर्ध्या मिनिटाहून थोड्या जास्त वेळात उतरते. मुलाशी व्हिडिओवर बोलायला दोन-तीन मेगाबिट पुरतात. तुमची कामं अडत नसतील, तर काका, २२ वाईट नाही. कोथरूडच्या आकड्याशी तुलना करून मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : कांद्याच्या भावाचे मेसेज ग्रुपवर येतात. नव्या फोनमध्ये दोन सिम आहेत. एकावर व्यापाऱ्याशी बोलत असलो की दुसऱ्यावरचं नेट ठप्प. लिलावाच्या वेळी फार अडचण होते. फोन खराब लागला का? – एक शेतकरी, लासलगाव

उत्तर : नाही दादा, फोन चांगला आहे. सिमच्या जागा दोन असल्या तरी बऱ्याच फोनांत दोन्हींत मिळून रेडिओ एकच असतो. एक सिम बोलायला लागलं की दुसरं गप्प बसतं. सिमच्या सेटिंगमध्ये 'डेटा ड्युरिंग कॉल्स' अशा अर्थाचं बटण असतं, ते चालू करा. मग बोलत असताना डेटा त्याच सिमवरून चालतो. म्हणजे त्या सिमवरही डेटाचा पॅक हवा, आणि दोन्ही सिमवर व्होल्टे, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, चालू हवं. नाहीतर सोपा मार्ग : ज्या सिमवर व्यापाऱ्यांचे फोन येतात, डेटाही त्यावरच ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिने माझ्यासाठी आयफोन १५ आणला. त्याला सिम घालायला जागाच नाही! दुकानात म्हणाले, हा इथे चालणार नाही, आम्हाला विका. पेन्शन, बँकेचे ओटीपी, सगळं माझ्या जुन्या नंबरावर. मी एकटी राहते, वय ७२. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकू, फोन विकू नका, तो चालतो. २०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमचा कप्पा नसतो, त्यांत ई-सिम चालतं. सिमचं काम करणारी चिप फोनच्या आत कायमची बसवलेली असते आणि कंपनी तुमचा नंबर त्यात दुरून भरते. जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया तिघेही ई-सिम देतात. नंबर तोच राहतो.

पण मुलगी परत जायच्या आधी एक बघून घ्या. सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेलात की खाली 'कॅरियर लॉक' ही ओळ आहे. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर निर्धास्त राहा. दुसरं काही लिहिलं असेल तर फोन तिकडच्या कंपनीला बांधलेला आहे. तो तीच कंपनी मोकळा करू शकते, आणि ते मुलीनेच तिच्याकडे मागायचं. इथे 'अनलॉक करून देतो' म्हणणाऱ्यांच्या हातात फोन देऊ नका.

ई-सिमसाठी कंपनीच्या दालनातच जा. *#०६# दाबलं की फोनवर ३२ आकडी ईआयडी, म्हणजे त्या चिपचा ओळखक्रमांक, दिसतो, तो त्यांना लागेल. ई-सिम सुरू झालं की तुमचं प्लॅस्टिकचं सिम मेलं. आणि महत्त्वाचं : सिम बदललं की २४ तास त्या नंबरावर एसएमएस येत-जात नाहीत, सरकारचा तसा नियमच आहे. हयातीचा दाखला ऑनलाइन भरणार असाल तर तो आधी उरका, कुठलं बिल भरायचं असेल तर तेही, आणि मग सिम बदला.

माझं मत विचाराल तर मी तुमच्या जागी बँकेचा नंबर ई-सिमवर नेणार नाही. ई-सिमची बाजू मला मान्य आहे. फोन चोरीला गेला तर चोराला सिम काढून फेकता येत नाही. पण फोन पाण्यात पडला, तर प्लॅस्टिकचं सिम शेजारच्यांच्या फोनमध्ये घालून लगेच ओटीपी घेता येतो, ई-सिमसाठी पुन्हा दालनाची पायरी चढावी लागते. तुम्ही एकट्या आहात. जुना फोन जुन्या नंबरासह घरात चालू राहू द्या, आयफोनमध्ये नवा नंबर ई-सिमवर घ्या. मुलीशी व्हिडिओ, फोटो, गाणी त्यावर. दोन रिचार्ज होतील, पण मला तो खर्च योग्य वाटतो.

प्रश्न : आईचा बटणांचा फोन. रिचार्ज स्वस्त म्हणून तिचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेला. नवं सिम घातल्यापासून नेटवर्कच नाही. – एक वाचक, मालवण

उत्तर : आईचा फोन फक्त २जी असणार आणि नव्या कंपनीचं नेटवर्क ४जीपासूनच सुरू होणारं. त्यांची भेटच होत नाही. नंबर परत न्यायचा तर नव्या कंपनीत ९० दिवस झालेले लागतात, तेवढं आईला ताटकळत ठेवू नका. ४जी चालणारा बटणांचाच फोन मिळतो, तो घ्या. तिला बटणांची सवय आहे, टचस्क्रीन तिच्या माथी मारू नका. आणि डेटाचे पैसे भरू नका. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४मध्ये नियम केला, त्यामुळे प्रत्येक कंपनीला फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक ठेवावा लागतो. दुकानात तो आपणहून कुणी सांगत नाही. नाव घेऊन मागायचा.

प्रश्न : "तुमचं ४जी सिम आज रात्री बंद होणार, ५जीला अपग्रेड करतो," असा फोन आला. त्यांनी सांगितलेला मेसेज पाठवला, आलेला आकडाही सांगितला. तासाभरात फोनवरचं नेटवर्क गेलं. आता काय करू? – एक वाचक, लातूर

उत्तर : पत्र मिळताच तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, इथे इतरांसाठी लिहिते. तुम्ही पाठवलेल्या मेसेजने तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये ई-सिम म्हणून गेला. तुमच्याकडचं सिम मेलं म्हणून नेटवर्क गेलं. कंपनी असा फोन करून आकडा कधीही विचारत नाही, आणि ४जी सिम कुणी एका रात्रीत बंद करत नाही.

शेजारच्यांना नेटवर्क आहे आणि आपलंच अचानक गेलं, तर उद्या बघू म्हणू नका. घरातल्या दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय गोठवायला सांगा. मग सिमच्या कंपनीला सांगून नंबर बंद करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन. पुढच्या खात्यात गेलेले पैसे तिथून काढले जायच्या आत अडवता येतात, म्हणून इथे मिनिटाला किंमत आहे. आधार घेऊन कंपनीच्या दालनातून आपल्या नंबराचं नवं सिम घ्या. नंतर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते पाहा, अनोळखी दिसला तर तिथेच कळवा.

डोंबिवलीच्या काकूंना सांगितलेला २४ तासांचा नियम याच चोरीसाठी केलेला आहे, चोराच्या फोनवर ओटीपीचा एसएमएस लगेच पोचू नये म्हणून. पण व्हॉट्सॲपचा कोड फोन कॉलवरूनही मिळतो, तो या नियमात अडकत नाही. तुमच्या नावाने पैसे मागणारा मेसेज नातेवाइकांना जाऊ शकतो. तेव्हा दालनात रांगेत उभ्या असाल तेवढ्या वेळात दुसऱ्या फोनवरून घरच्यांना, भिशीच्या ग्रुपला, ऑफिसात कळवून टाका की माझ्या नंबरावरून काही आलं तर ते मी पाठवलेलं नाही.