रशियन लेबलवर 'नट': गाइका की अर्येख?

प्रश्न असा आला आहे: वेंगुर्ल्याच्या काजूच्या पाकिटावर इंग्रजीत 'कॅश्यू नट' छापलंय, रशियन मजकुरासाठी शब्दकोश उघडला तर 'नट'समोर आधी 'गाइका' दिसतं. ते चालेल का?

अजिबात नाही. गाइका म्हणजे बोल्टवर फिरवतात तो नट. खायचा तो 'अर्येख' (लिहिताना सुरुवातीला ओ, पण आघात दुसऱ्या अक्षरावर म्हणून उच्चार अ). आपल्याकडेही नट म्हटलं की बोल्टचा, नाहीतर दशावतारातला; काजूला कुणी नट म्हणत नाही. म्हणूनच हे भाषांतर इंग्रजीवरून करू नये, मराठीवरून करावं. बागायतदाराकडे बी आणि गर हे दोन शब्द वेगळे आहेत, रशियनमध्येही तसेच आहेत.

काजू बी म्हणजे 'केशयू फ्स्करलुप्ये', टरफलासकट. काजूगर म्हणजे 'याद्रा केशयू'. नुसतं 'अर्येखी केशयू' लिहिलं तर दुकानातलं गिऱ्हाईक गरच समजतं, पण मालाच्या कागदांवर तेवढं पुरत नाही, कारण बी आणि गर यांचे एचएस कोड (आयात-निर्यातीत मालाच्या प्रकाराला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) वेगळे: टरफलासकट ०८०१३१, सोललेला ०८०१३२. घोळ इंग्रजीच्या 'अनशेल्ड'मुळे होतो. कुणी त्याचा अर्थ न सोललेला घेतो, कुणी सोललेला. रशियनमध्ये सोललेल्याला 'अचिश्शिन्नी' म्हणतात, तिथे संशयाला जागा नाही. 'शेल'साठी मात्र 'रकूश्का' उचलू नका, ती किनाऱ्यावरची शिंपली. टरफल ते 'स्करलुपा', आणि नारळाची करवंटीही तीच.

व्याकरणात केशयू कधीच बदलत नाही, बदलतो तो गर. पाकिटावर नाव 'याद्रा केशयू', पण '५०० ग्रॅम'नंतर षष्ठी लागते: 'यादिर केशयू'. छपाईत हे हमखास चुकतं. एकवचन 'यिद्रो' म्हणजे तोफेचा गोळाही, पण पाकिटावर कुणी दचकणार नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. नारळ: 'ककोस' पुरे, अर्येख जोडायची गरज नाही. किसलेलं सुकं खोबरं 'ककोसवया स्त्रूश्का'. 'कोप्रा' हा शब्द तेलाच्या घाण्याकडे जाणाऱ्या मालासाठी. जायफळ 'मुस्कातनी अर्येख', जायपत्री मात्र 'मुस्कातनी त्स्व्येत', म्हणजे शब्दशः फूल (ते फूल नव्हे, बीवरचं जाळीदार वेष्टन, पण शब्द तोच रूढ आहे). सुपारीला इंग्रजीत 'बीटल नट' म्हणतात, तिथे जपून: बीटल हे विड्याच्या पानाचं नाव. रशियनमध्ये 'अर्येका' या झाडाच्या नावानं लिहा, नाहीतर वाचणारा पान समजेल.

शेंगदाणा पाकिटात असेल तर 'अराखिस' वेगळा लिहा. तिथल्या नियमांत ॲलर्जीच्या यादीत अराखिस आणि अर्येखी या दोन निराळ्या नोंदी आहेत.