नदीचे फूट, दुकानाचे फूट

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. व्यापाऱ्यांसाठी पूरपूर्वतयारीची कार्यशाळा ठेवलीस, फलक लावलास, चहा-नाश्ता सांगितलास आणि निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जे आले त्यांतला सांगलीच्या गणपती पेठेतला एक भुसार व्यापारी मधेच म्हणाला, "मॅडम, माझ्या दुकानात पाणी किती येणार तेवढं सांगा, बाकी राहू द्या." लोक हसले. तुला ते लागलं. आता विचारतेस, यांना गरजच वाटत नसेल तर सरकारनं यांच्यामागं का लागावं, आणि तू ही कंत्राटी नोकरी सोडून पुण्याला जावं का.

पुण्याचं तुझं तू ठरव. पण त्या माणसाला तू उद्धट म्हणतेस ते मला मान्य नाही. त्या सभागृहात कामाचा प्रश्न त्या एकट्यानं विचारला. पूर नियंत्रण कक्षातली माझी सगळी नोकरी याच प्रश्नाच्या मागे सरली, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आपण सांगलीकरांना काय सांगतो? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. हे नदीचे फूट झाले. दुकानदाराला दुकानाचे फूट हवे असतात. आयर्विनला 50 असताना माझ्या शटरपाशी पाणी किती, 55 ला गल्ल्यापाशी किती, आणि ते यायला माझ्या हातात तास किती, एवढंच त्याला कळायला हवं. एवढं सांगितलंस तर तुला फलक लावावा लागणार नाही, माणसं आपणहून येतील. एवढं सांगितलं नाहीस तर तुझं सादरीकरण कितीही देखणं असो, ते त्याच्या काही कामाचं नाही. दुकानाचे फूट आणि हातातले तास. बाकी सगळं त्यानंतर.

2019 चं उदाहरण घे. 2005 मध्ये पाणी आयर्विनला 53 फुटांच्या वर गेलं होतं आणि ती खूण प्रत्येकाच्या डोक्यात पक्की होती. ऑगस्ट 2019 मध्ये लोकांनी तयारी केली नाही असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. केली होती. 2005 ला जिथवर पाणी आलं त्याच्या वर फळ्या टाकून माल ठेवला होता. पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि फळीवरचा मालही भिजला. या लोकांत जागरूकता कमी नव्हती, त्यांच्याकडे आकडा जुना होता. नवा आकडा देणं हे आपलं काम होतं. कोयना धरणातून किती पाणी सोडलं, नदीच्या वरच्या अंगाला कऱ्हाडला पातळी किती, बहे, ताकारी, भिलवडीला किती, हे आपल्याला तासातासाला कळत होतं. कृष्णा खोऱ्यात स्वयंचलित मापनयंत्रं बसली आहेत. आकडे भिलवडीपर्यंत आले, आयर्विनपर्यंत आले, पण पेठेतल्या शटरपर्यंत गेले नाहीत. शेवटचं ते थोडं अंतर कुणाचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

कायदे आहेत, ते तू माझ्यापेक्षा चांगले वाचले असशील. भोपाळनंतर घातक रसायनांचे 1989 चे नियम आले. अशा मोठ्या कारखान्याला आत आपत्कालीन आराखडा ठेवावा लागतो, दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम करावी लागते, आणि बाहेरच्या वस्तीसाठीच्या आराखड्याचीही वर्षातून एकदा. गणपती पेठेतल्या दुकानाला यातलं काहीही लागू नाही. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण देतो, जिल्ह्याचा आराखडा देतो. 2025 च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळ्या नागरी प्राधिकरणाची सोय केली, सांगलीला त्याचा उपयोग व्हायला हवा. पण आराखडा उघडून बघ. बोटी किती, निवारा केंद्रं कुठं, जेसीबी कुणाकडे, हे सगळं त्यात आहे. पेठ किती तासांत रिकामी होते, हे नाही.

बाहेरच्या देशांचं तू विचारलंस. ब्रिटनमध्ये 2004 च्या कायद्यानं स्थानिक प्रशासनावर जबाबदारीच टाकली आहे की आपत्तीत व्यवसाय चालू कसा ठेवायचा याचा सल्ला व्यापाऱ्यांना द्यायचा. जपाननं 2019 पासून छोट्या उद्योगांच्या पूर्वतयारीच्या आराखड्याला सरकारी मान्यता द्यायला सुरुवात केली. मान्यता मिळाली की करात सवलत आणि स्वस्त कर्ज. मला जपानची रीत जास्त पटते, कारण व्यापाऱ्याला त्यातून काहीतरी मिळतं. पण तिथंही पहिली पायरी हीच आहे, आपल्या जागेला कसला आणि किती धोका आहे ते आधी लिहून काढा. म्हणजे फिरून तेच, दुकानाचे फूट.

हे फूट काढायचे कसे? इथं नीट लक्ष दे. नुसती लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावून आयर्विनची पातळी पेठेत आणू नकोस, फसशील. पुराचं पाणी सपाट नसतं, त्याला उतार असतो. शिवाय पेठेत ते नदीकडून सरळ येत नाही, नाल्यातून आणि गटारातून मागून चढतं. त्यापेक्षा भिंतीवरच्या खुणा घे. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळचं पाणी कुठवर होतं हे जुना दुकानदार बोट ठेवून दाखवतो. त्या खुणा उंबऱ्यापासून मोज, त्या त्या वर्षीच्या आयर्विनच्या आकड्याशेजारी लिही. एका गल्लीत पाच-सहा दुकानं झाली की गल्लीचा हिशोब जमतो.

आणि तास. समज, एका दुकानातली पोती वरच्या मजल्यावर न्यायला दहा तास लागतात. पण हमाल कुठं राहतात हे विचारलंस का? पाणी सगळ्यांत आधी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या बाजूला शिरतं. तुझा हमाल किंवा दुकानातला पोरगा तिकडचा असेल, तर तुझी पोती उचलायच्या वेळी तो स्वतःचं बिऱ्हाड आणि म्हातारी आई हलवत असतो. टेम्पोही त्याच रात्री सगळ्यांना हवे असतात. म्हणून दहाचे वीस तास धर आणि तिथून उलटं मोज. मग दुकानदार स्वतःच म्हणेल, आयर्विनला अमुक फूट झाले की मी माल हलवायला लागणार, धोका पातळीची वाट बघणार नाही. हा आकडा त्याच्या तोंडून यायला हवा, तुझ्या पडद्यावरून नाही.

मी हे सांगत होतो तेव्हा मला हट्टी म्हणत. एका बैठकीत मी पेठेतल्या विजेच्या खांबांवर पूरखुणा रंगवायचा प्रस्ताव ठेवला. खुणा दिसल्या की जागांचे भाव पडतील, असं काही जणांचं म्हणणं पडलं, आणि एका वरिष्ठांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत तो आला नाही. मी पुन्हा लिहून दिलं, पुन्हा मागं पडलं. लोकांना घाबरवतो, असा शेरा माझ्यावर बसला. बसू दे. भाव पडण्याची भीती होती म्हणून खुणा नकोत, आणि माल कुजून नाल्यात टाकायची वेळ आली तेव्हा तेच लोक विचारत होते की आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही. मी सांगत होतो! आजही सांगेन. खंत एवढीच की मी निवृत्त झालो तेव्हा खुणांच्या नोंदींची माझी वही कुणी मागितली नाही.

विम्याचं मात्र टाळू नकोस. 2021 च्या पुरानंतर राज्य सरकारनं दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50,000 रुपये दिले. घाऊक व्यापाऱ्याचं त्यात काय भागणार? 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकानं छोट्या धंद्यांसाठी ठरावीक नमुन्याची पॉलिसी आणली आहे, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, एका जागेवरची विमा काढण्याजोगी एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर. पूर त्यात धरलेला आहे. पण पॉलिसीवर पत्ता कुठला आहे ते बघायला सांग. बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, घेताना काढलेला विमा बहुतेक वेळा दुकानाच्या पत्त्यावर असतो आणि माल भाड्याच्या गोदामात असतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला की तिथंच गाडी अडते. आणि गोदामाचेही फूट काढ. माल वाचवायला म्हणून लोक दुकानातून गोदामात नेतात आणि गोदाम दुकानापेक्षा खोलात असतं.

गरज वाटत नाही, हे वाक्य मात्र परत लिहू नकोस. ज्याचं दुकान दोन वर्षांत दोनदा बुडालं त्याला तू गरज पटवायला निघालीस, तो हसणार नाही तर काय करणार? तू हुशार आहेस, तुझे नकाशे मी पाहिलेत, अशी माणसं आमच्या वेळी आम्हाला मिळाली नाहीत. म्हणूनच चिडून लिहितोय.

आता पुढचं. कार्यशाळा सभागृहात घेऊ नकोस, पेठेत घे, सकाळी शटर उघडायच्या वेळी, एका वेळी एकच गल्ली. मालकांना आग्रह करू नकोस. दुकानाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला आणि हमालांच्या मुकादमाला बोलाव, पुराच्या रात्री तेच दोघं दुकानात असतात. त्या भुसारवाल्यापासून सुरुवात कर. पावसाला अजून अवकाश आहे तोवर एखाद्या रविवारी घरी ये आणि वही घेऊन जा. गणपती पेठ आणि मारुती रोडच्या खुणा त्यात आहेत, स्टेशन रोडच्या अर्ध्याच आहेत, त्या तुलाच पुऱ्या कराव्या लागतील. टेप पोलादी आण, कापडी ताणली जाते.

तुझा,
काका