कोल्हापुरातल्या ऑर्गॅनिक दुकानांतून नेमकं काय घेण्यासारखं असतं?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन कोल्हापूरला आलाय, राजारामपुरीत राहता, आसपास ऑर्गॅनिक नि नॅचरल अशा पाट्यांची दुकानं दिसतात पण भाव बघून हात आखडतो, तर तिथून काय घ्यावं आणि काय आपलं नेहमीच्या वाण्याकडूनच आणावं.

गूळ घ्या. दुसरं काही नाही घेतलंत तरी चालेल, पण कोल्हापुरात राहून पिवळाधमक गूळ खाऊ नका, एवढं माझं ऐका. तेल, तांदूळ, मध यांचं पुढे सांगते, पण गुळावर मी जास्त बोलणार आहे कारण आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं, करवीर तालुक्यात, आणि ते बंद पडल्याचं खापर आजही आमच्यात एकाच माणसावर फोडतात, माझ्या वडिलांवर.

रस, काहील म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चुलवाण म्हणजे तिच्या खालची भट्टी, हे सगळं तुम्ही कुठंतरी बघितलं असेलच. बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही ती मळी. रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात टाकली की बुळबुळीत चिकट पाणी सुटतं, ते रसात ओतलं की रसातली घाण त्याला धरून वर येते आणि मोठ्या झाऱ्यानं ती सारखी काढत राहावं लागतं. रसाचा आंबटपणा मारायला चुन्याची निवळी, फेस उतू जायला लागला तर थोडं एरंडेल नाहीतर शेंगतेल. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थर्मामीटर लावत नाही, बुडबुडे बघतो, थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो आणि बरोबर वेळेला काहील गूळ थंड व्हायच्या वाफ्यात उलटी करायला सांगतो. हे नीट केलं की गूळ स्वच्छच होतो, पण रंग येतो तो लालसर, तपकिरी, त्या त्या उसाचा नि जमिनीचा.

आणि मग हायड्रॉस. पांढरी पावडर असते, सोडियम हायड्रोसल्फाइट. ती टाकली की डोळ्यांदेखत रंग उतरतो आणि गूळ पिवळा होतो. तो रंग टिकत पण नाही, काही महिन्यांत गूळ काळवंडतोच, पण तोपर्यंत सौदा होऊन गेलेला असतो. गंधकाचा अंश गुळात राहतो तो राहतोच. गुळात सल्फर डायऑक्साइड (हाच तो गंधकाचा अंश) ७० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ७० भागांच्या, वर असू नये असा नियम आहे, पण काहिलीच्या वाफेत उभा राहून मुठीनं पावडर टाकणारा माणूस पीपीएम कशावर मोजणार?

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, हायड्रॉस टाकत नव्हते. त्यावेळी बऱ्याच गुऱ्हाळात अशी पद्धत होती की घरच्या पोळ्यांसाठी बिनहायड्रॉसचा रवा वेगळा काढायचा (दहा किलोच्या, तीस किलोच्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात) आणि बाजाराचा माल पिवळा करायचा. अण्णांनी हे दोन प्रकारचे रवे कधी केले नाहीत. एकच गूळ, घरी पण तोच आणि मार्केट यार्डात पण तोच.

मी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर सौद्याला गेले होते, तात्या पण होते, तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. शेजारी दुसऱ्या कुणाचे तरी पिवळेजर्द रवे लावलेले. भाव करायला आले त्यांनी आमच्या रव्याचा कोपरा फोडला, उजेडात धरला, "काळा हाय" म्हणाले आणि पुढे गेले. भाव निघाला तो शेजारच्या मालापेक्षा चांगलाच खाली. परत येताना टेम्पोत तात्या सुरूच झाले, अण्णा बाजार जे मागतोय ते द्यायचं की, लोकांना पिवळा पायजे तर पिवळा, आपल्या बापाचं काय जातंय. अण्णांनी एवढंच विचारलं, "त्यानं जिभेवर तरी ठेवला का?" तात्यांकडे त्याला उत्तर नव्हतं आणि आजपण नाही.

पुढे काही वर्षांनी गुऱ्हाळ बंद झालं. तेव्हापासून कुणाचं लग्न असो, वास्तुशांत असो, तात्यांचं एकच वाक्य, अण्णांनी रंग दिला असता तर आज गुऱ्हाळ चालू असतं. माझं म्हणणं आहे की हे साफ चूक आहे आणि मी ते त्यांच्या तोंडावर पण म्हटलंय. आमच्या शिवारात रंग देणारी गुऱ्हाळं पण बंदच पडली की! कारण ऊस कारखान्याला घातला की टोळी येऊन तोडून नेते, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, ठरलेली असते, उशिरा का होईना पैसे येतात. गुळाला असा कुठला ठरलेला भाव नाही, आज चढला तर उद्या पडला. वर गुळव्या मिळत नाही, रात्रभर जाळाजवळ बसणारी माणसं मिळत नाहीत, मजुरी वाढत जाते. हायड्रॉसच्या पुडीनं यातलं काय सुटणार होतं? उलट आज ज्यांची धुराडी पेटतात त्यातली कितीतरी गुऱ्हाळं बिनकेमिकलचा गूळ करून पुण्या-मुंबईला थेट पाठवतात. म्हणजे अण्णांचा जो माल यार्डात काळा म्हणून मागं पडला तोच आज बरणीत घालून लेबल लावून दामदुप्पट भावानं विकला जातोय, तुमच्या त्या राजारामपुरीतल्या दुकानात सुद्धा. मला त्या भावाचा राग येत नाही. तेवढा भाव त्या गुळाचा होताच, तो तेव्हा द्यायला कुणी तयार नव्हतं.

ज्या शहरात शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी १८९५ साली शाहूपुरी वसवली, ज्या गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे त्या त्या भागाच्या खास मालाचं मानांकन मिळालं, तिथल्या गिऱ्हाईकानं तरी गूळ रंगावर घेऊ नये. जीआय आहे म्हणून तुमच्या हातातल्या ढेपेत काय पडलंय ते कळत नाही, ते तुम्हालाच बघावं लागतं.

तर दुकानात गेल्यावर असं करा. पिवळा आणि चकचकीत दिसला की सोडून द्या. पण काळाकुट्ट म्हणजे अस्सल हे पण डोक्यातून काढा, काहील करपली तरी गूळ काळा होतो आणि जुना हायड्रॉसचा गूळ पण काळवंडलेला असतो. चव घ्या, मागून घ्या, लाजू नका. कडवट लागला तर करपलाय. खारट लागला तर बहुतेक क्षारपड जमिनीतला ऊस आहे. फोडल्यावर आत साखरेसारखं चमकत असेल आणि दगडासारखा टणक असेल तर मला साखरेची शंका येते, हल्ली काही ठिकाणी स्वस्तातली साखर गुळात घालतात हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पाण्यात विरघळवून बघा, तळाला गाळ किती बसतो. आणि दुकानदाराला सरळ विचारा, कुठल्या गुऱ्हाळाचा? गावाचं नाव सांगता येत नसेल तर बरणी कितीही सुंदर असली तरी ठेवून द्या. दिवाळी ते शिमगा गुऱ्हाळं चालू असतात, करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यात रविवारी गाडी काढून जा आणि समोर होताना बघा, येताना काकवी घेऊन या. गरम भाकरीवर काकवी आणि तूप, हे एकदा खाल्लं की परत दुकानातल्या जामची बाटली घरात येणार नाही.

गुळाची पावडर मी घेत नाही. सोयीची असते मान्य, पण ढेप फोडून, चाखून जे कळतं ते पावडरीत कळत नाही.

आता बाकीचं. घाण्याचं शेंगतेल घेण्यासारखं आहे, फक्त हिशोब करून घ्या. दाण्यात तेल निम्म्याच्या आसपास असतं, लाकडी घाण्यात ते सगळं निघत नाही, पेंडीत राहतं, त्यामुळे लिटरभर तेलाला सव्वादोन-अडीच किलो दाणे लागतात. त्या दिवशीच्या दाण्याच्या भावाला गुणा, पेंडीचे वजा करा, घाण्याची मजुरी मिळवा. त्याच्या बरंच खाली कुणी घाण्याचं म्हणून देत असेल तर ते काय आहे ते देवाला माहीत, घेऊ नका. त्यापेक्षा चांगलं म्हणजे आपले दाणे घेऊन घाण्यावर जायचं आणि समोर काढून आणायचं, पेंड पण आपलीच.

तांदळात आजऱ्याचा घनसाळ. २०१६ ला त्याला पण जीआय मिळालंय. आखूड दाणा, शिजताना वास शेजारच्या घरात जातो. पण घनसाळ म्हणून दुसराच तांदूळ मिसळून देणारे आहेत, म्हणून आधी अर्धा किलो आणा, शिजवा, वास आला तर मग पोतं सांगा. बिर्याणीला वगैरे वापरू नका, वरणभात, आमटीभात यालाच तो. रोजच्याला इंद्रायणी चांगला आणि तो वाण्याकडून घेतला तरी काही बिघडत नाही.

खपली गहू खिरीसाठी घ्या, कांडून टरफल काढलेला मिळतो तो. गूळ घालून केलेली खपलीची खीर या भागात यात्रा-जत्रांना असतेच. पण कुठं ग्लूटेन फ्री अशी पाटी दिसली तर त्या दुकानदाराशी भांडा, खपलीत ग्लूटेन असतं आणि ज्याला सिलियाक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार आहे अशा माणसानं ते वाचून खाल्लं तर त्याचे हाल होतील. असल्या गोष्टी मला खपत नाहीत.

मध भुदरगडातल्या पाटगावचा मिळाला तर बघा, मधाचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. थंडीत खाली साखर धरली म्हणून भेसळीचा म्हणू नका, मध थिजतो, कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुटतो.

काय घेऊ नका ते पण सांगते. चटणी. कोल्हापुरात राहून पाकिटातली कांदा-लसूण चटणी आणायची नाही, उन्हाळ्यात मिरच्या घ्या, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, मसाला भाजा आणि डंकावर जाऊन समोर कुटून आणा, शेजारणीला विचारलंत तर ती स्वतः बरोबर येईल. गुलाबी मीठ पण नको, ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून निघतं, त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, आपलं साधं आयोडीनवालं मीठ बरं. किनोआ नको. राधानगरी, गगनबावड्याची नाचणी लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात मिळते, तीच चकचकीत पाकिटात तिप्पट देऊन घ्यायचं काही कारण नाही.

पाट्यांबद्दल थोडं. ऑर्गॅनिक म्हणून पॅक करून विकायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांपैकी एकाचं प्रमाणपत्र लागतं आणि पाकिटावर ऑर्गॅनिकचा सरकारी लोगो असतो, तो बघा. नॅचरल, देशी, गावरान असं लिहायला तसलं काही लागत नाही. छोट्या शेतकऱ्यानं स्वतः थेट गिऱ्हाईकाला विकायला मात्र सूट आहे, त्यामुळे लोगो नाही म्हणून आठवडी बाजारातल्या म्हाताऱ्या मावशीला खोटं ठरवू नका. तिथं माणूस ओळखून घ्यायचं.

तात्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, त्यांच्या घरी हल्ली बिनहायड्रॉसचाच गूळ येतो, त्यांचा मुलगा आणतो, नातवंडांसाठी. मी मागच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं, तात्या हा काळा गूळ कसा काय चालतो आता? गप्प बसले. मला एवढंच पाहिजे की एकदा, सगळ्या भावकीत, त्यांनी म्हणावं की अण्णा बरोबर होते. अण्णा आहेत अजून, कान शाबूत आहेत, ऐकतील.

आणि हे आधीच लिहायला पाहिजे होतं, गूळ कितीही चांगला असला तरी शेवटी साखरच आहे, डायबेटिस असेल तर गुळाचा चहा पिऊन साखर वाढणार नाही या भ्रमात राहू नका, डॉक्टरांना विचारा. पिवळा गूळ करणारे सगळे लबाड असंही मी म्हणत नाही, त्यांना पोरंबाळं आहेत, गिऱ्हाईकानं जे मागितलं ते त्यांनी केलं, म्हणून तर तुम्हाला सांगतेय की तुम्ही वेगळं मागा. वर्षाचा गूळ सीझनमध्येच भरून ठेवणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, कागदात गुंडाळून ठेवा, इथल्या पावसाळ्यात उघडा राहिला तर पाणी सुटतं आणि बुरशी येते, बिनहायड्रॉसच्या गुळाला तर जास्तच जपावं लागतं.