रत्नागिरीत नवीन एसयूव्ही घेतोय, शोरूमवाले एक्स-शोरूम किमतीत एक रुपयाही कमी करत नाहीत. भाव कसा करावा?

एक्स-शोरूम किमतीवर अडून बसू नका, ऑन-रोड किमतीच्या (टॅक्स, विमा वगैरे धरून होणाऱ्या एकूण किमतीच्या) कोटेशनमधली एकेक ओळ धरून भाव करा. मूळ किंमत कंपनी ठरवते आणि रोड टॅक्स सरकार, त्यामुळे डीलरच्या हातात उरतात विमा, अॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, एक्स्चेंजचा भाव आणि त्याच्या मार्जिनमधली रोख सूट. सगळ्यात जास्त पैसे विम्यात सुटतात. शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही. बाहेरून तेच कव्हर असलेलं कोटेशन आणून समोर ठेवा, आकडा बहुधा खाली येतो. मात्र स्वस्त करायच्या नादात इंजिन प्रोटेक्शन (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कव्हर) काढू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं तेव्हा गाड्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली तर सरळ काढायला सांगा. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच डीलर गोळा करतो तो आयकर) लागतो, तो नंतर आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, त्यावर वाद नको.

कोटेशन लेखी घ्या आणि त्याच व्हेरिएंटचं कोल्हापूरहूनही मागवा, आंबा घाट उतरून गाडी आणायची तयारी आहे हे डीलरला कळू द्या. गोव्याचा आकडा तुलनेला घेऊ नका, तिथला टॅक्स वेगळा.

हे सगळं स्टॉकमध्ये उभ्या असलेल्या गाडीला लागू, विशेषतः डिसेंबर-मार्चमध्ये. वेटिंग असलेल्या मॉडेलवर फार तर अॅक्सेसरीज मिळतील.