नर्सिंगच्या मुलीला वॉर्डात संसर्गाचा धोका किती?

मुलगी गोव्यात बांबोळीला नर्सिंग शिकतेय, आता वॉर्ड पोस्टिंग सुरू होणार, म्हणून तुम्हाला एचआयव्हीची धास्ती. त्यापेक्षा हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, काळजी करा. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची ६ ते ३० टक्के. तेव्हा आधी लस: ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. मग एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लस लागू पडली का हे सांगणारी रक्ततपासणी; तो किमान १० mIU/mL हवा. हा टायटर करायचा बरेच जण टाळतात, तुम्ही टाळू नका.

सुई बऱ्याचदा टोचते ती इंजेक्शन देऊन झाल्यावर, टोपण परत बसवताना. टोपण लावायचंच नाही. सुई थेट शार्प्सच्या (टोकदार, धारदार कचऱ्याच्या) पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर बोट पिळायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही. साबण-पाण्याने धुवून तडक इन्चार्ज सिस्टरला सांगायचं. (ओरडा बसेल म्हणून मुली लपवतात, तोच खरा घोळ.) एचआयव्हीसाठी पीईपीच्या (सुई टोचल्यावर संसर्ग टाळायला घ्यायच्या) गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात, कोर्स २८ दिवसांचा.

हिपॅटायटिस सीला लस नाही. आणि टीबीच्या रुग्णाजवळ एन-९५ हवा, साधा सर्जिकल मास्क पुरत नाही.