चक्करची गोळी किती दिवस?

या वेळच्या बहुतेक पत्रांत नुसतं ‘चक्कर येते’ एवढंच लिहिलंय. घर गरगर फिरतं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोकं स्वच्छ असूनही पाय अडखळतात? तिन्हींची कारणं वेगळी. एवढं तरी कळवत जा.

वडिलांचा उजवा गुडघा दुखतो. काठी कोणत्या हातात धरावी? (पारोळा)

डाव्या. हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचं रबर झिजलं की बदला.

आई ७२ वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी कूस बदलली की घर फिरायचं. मेडिकलवाल्याने गोळी दिली, ती चालूच आहे. आता गरगर नाही, पण पावलं घासत चालते, मोरीत दोनदा पडली. वयामुळे असेल का? (चोपडा)

वयाला दोष देण्याआधी गोळीचं नाव वाचा. कूस बदलताना येणारी आणि मिनिटभरात थांबणारी गरगर बहुतेकदा आतल्या कानाची असते. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत आणता येतात. या क्रियेला ‘एप्ली’ म्हणतात. दहा मिनिटांचं काम, पुष्कळदा एकाच बैठकीत भागतं. गोळीने कण हलत नाहीत. गरगर फक्त दबते.

सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या असतात. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूतल्या डोपामिनचं काम अडतं आणि कंपवातासारखं चित्र दिसू लागतं: हात थरथरतो, चेहरा थिजतो, पाऊल उचलत नाही. मग कुणीतरी कंपवाताचं औषध सुरू करतं, आणि चक्करची गोळी तशीच चालू! परवा एका आजींनी टेबलावर कापडी पिशवी रिकामी केली. पट्ट्या कात्रीने कापून चार-चार गोळ्या दिलेल्या, नाव मात्र कापलेल्या दुसऱ्या अर्ध्यात, दुकानातच राहिलेलं. वर्षभर काय पोटात जातंय, घरात कुणालाच ठाऊक नाही. चिठ्ठीशिवाय असं औषध देणाऱ्याला काय म्हणावं?

तुम्ही आईंच्या सगळ्या गोळ्या, मधुमेहाच्या आणि झोपेच्याही, घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. काय बंद करायचं ते त्यांना ठरवू द्या. अशा औषधाने आलेला ताठरपणा बऱ्याच जणांत काही महिन्यांत ओसरतो, सगळ्यांत नाही.

शिबिरात चुंबकाच्या चपला ३,२०० रुपयांना मिळताहेत. तोल सुधारतो म्हणतात. (शहादा)

नाही. त्या पैशांत मोरीत धरायला दांडी बसवा आणि टाचेला पट्टा असलेली चप्पल घ्या.

सासरे बीपीची गोळी घेतात. उन्हाळ्यात खाटेवरून उठताच झोक जातो. गोळी बंद करू का? (भुसावळ)

मनाने नको. पाच मिनिटं निजवून बीपी मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी, धरायला माणूस ठेवून. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडच्या ४५ अंशांत घामाने पाणी जातं. त्यात लघवीची गोळी असली तर मात्रा बदलावी लागू शकते. पाणी किती प्यावं हेही विचारा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला मर्यादा असते.

आजोबा तीन आठवड्यांपूर्वी ओट्यावरून पडले, डोकं आपटलं. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. तेव्हा “माले काही व्हयनं नही” म्हणाले. आता दिवसभर झोपतात, डावा पाय ओढतात. फिजिओथेरपी कुठे करावी? (अमळनेर)

फिजिओथेरपी नंतर. आधी डोक्याचा सीटी स्कॅन, तोही त्याच दिवशी. म्हातारपणी कवटीखाली रक्त हळूहळू साचत राहतं आणि लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. पत्रात नंबर होता म्हणून मी लगेच फोन केला, ते निघालेत. इथे छापतोय ते ज्यांनी नंबर न देता हेच विचारलंय त्यांच्यासाठी.