तारा कृष्णविवरात कोसळतो, की कोसळून कृष्णविवर होतो?

प्रश्न असा आला आहे: 'आपल्याच गुरुत्वाकर्षणाने तारा कृष्णविवरात कोसळतो' हे वाक्य बरोबर आहे का? आणि या क्रियेला नाम कोणते वापरावे, 'आकुंचन' की 'अवपात'?

व्याकरण ठीक आहे, अर्थ मात्र भलताच होतो. 'विहिरीत पडला' म्हटले की विहीर आधीपासून तिथे असतेच. तसे इथे वाचकाला वाटते की विवर आयते होते आणि तारा त्यात जाऊन पडला. असेही घडते, पण ती निराळी गोष्ट: विवराच्या फार जवळ गेलेला तारा त्याच्या ओढीने फाटतो आणि त्यातला काही वायू आत जातो. आपल्याला सांगायचे आहे ते विवराच्या जन्माबद्दल. म्हणून 'गाभा कोसळून त्याचे कृष्णविवर होते' असे लिहावे. ('तारा'पेक्षा 'गाभा' नेमका, बाहेरचे थर पुष्कळदा स्फोटात उधळले जातात.) 'कृष्णविवरात रूपांतर होते' हे मात्र चालते, कारण तिथे 'रूपांतर' हा शब्द अर्थ सांभाळून घेतो.

'आकुंचन' मला इथे अजिबात पटत नाही. तो संथ क्रियेचा शब्द आहे. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे मीलन (अणुकेंद्रे एकत्र येऊन ऊर्जा देण्याची क्रिया) स्थिरावण्याआधी तो काही कोटी वर्षे आकसत होता. दाब आणि गुरुत्वाकर्षण यांचा तोल तेव्हा जवळजवळ सांभाळला जात होता. कोसळताना तोलच उरत नाही. मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंडाचा गाभा साठतो. लोखंडाच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे गाभ्याचा भार मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या दाबावर असतो. गाभा सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापर्यंत, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेपर्यंत पोचला की हा दाब हरतो आणि काही हजार किलोमीटर व्यासाचा गाभा सेकंदभरात आत येतो. याला आकुंचन म्हणणे म्हणजे दरड कोसळली तर 'डोंगर थोडा आकसला' म्हणण्यासारखे आहे.

'कोसळणे' म्हणजे वरून खाली, मग ताऱ्यात खाली कुठे, अशी शंका कुणी काढेल. जिकडे गुरुत्वाकर्षण ओढते ती दिशा खाली. ताऱ्यात ती सगळीकडून केंद्राकडेच जाते. तेव्हा क्रियापद चपखल आहे.

मथळ्यात किंवा व्याख्येत नाम लागते, तिथे 'गुरुत्वीय अवपात' वापरावा. संस्कृतात 'अवपात' म्हणजे खाली पडणे, आणि हत्ती पकडायला खणलेला खड्डाही. पडणे आणि खड्डा दोन्ही एकाच शब्दात, हा योगायोग मला भारी आवडतो! चालू मजकुरात मात्र 'कोसळणे'च बरे. ओळीओळीला 'अवपात झाला' आले की वाचणारा कंटाळतो.

जाता जाता काळाबद्दल. १९३९ साली ओपेनहायमर आणि स्नायडर या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले की कोसळत्या ताऱ्याचा पृष्ठभाग दूरच्या निरीक्षकाला विवराच्या सीमेजवळ (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही) मंदावत जाताना दिसतो, सीमा ओलांडताना कधीच दिसत नाही. पृष्ठभागाबरोबर जाणाऱ्याचे घड्याळ मात्र मोजक्याच वेळात पलीकडे पोचते. सोव्हिएत शास्त्रज्ञ याला 'गोठलेला तारा' म्हणत. मग 'कोसळला' म्हणायचे की 'कोसळतो आहे'? ताऱ्याएवढ्या वस्तुमानाच्या बाबतीत त्याचा प्रकाश सेकंदाच्या अल्पशा अंशात विझल्यासारखा होतो, त्यामुळे 'कोसळला' असे खुशाल लिहा.